गाडी जागी झाली तर

"अजून काही नाही, बाबा," सून म्हणाली आणि पाण्याचा पेला तिनं उशाशी ठेवला.

घड्याळजींनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. जन्म भिंगातून बारीक चाकं न्याहाळण्यात गेलेला. माणसाचा चेहराही ते तसाच वाचत.

मंगळावर फोटो काढत फिरणारी ती यंत्रगाडी धुळीच्या वादळात निपचित पडली होती, आणि इकडे घड्याळजी खाटेवर. गाडी उतरल्यापासून तिनं पाठवलेले सगळे फोटो त्यांनी आणि समोरच्या चष्मेवाल्यानं संगणकावर एकाला एक जोडले होते. तिथला कुठला दगड कुठे आहे, हे दोघांना घरातल्या सामानापेक्षा पक्कं ठाऊक. लोक वेड्यात काढायचे. काढोत बापडे.

डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा घड्याळजींनी सरळ अटच घातली. "ती जागी झाली तर मीही उठेन. नाही झाली, तर मला उगाच चिरू नका." मुलगा दूर जहाजावर. त्यानं फोनवरून पुष्कळ विनवलं, पण म्हातारा हटेना. डॉक्टरांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"मोबाइल दे ना जरा. मीच बघतो."

"डॉक्टरांनी बजावलंय ना, बाबा. मनाला ताण नको." तिनं खिडकी लावून घेतली. रस्त्यावरची धूळ येते म्हणे. मग टेप काढून खिडकीचं माप घेतलं. नवे पडदे शिवायचे होते. एवढ्या धावपळीतही पोरीला आपल्या खोलीची काळजी! घड्याळजींना भरून आलं.

तेवढ्यात बेल वाजली. कपाटाच्या आरशात त्यांना बाहेरचं दार दिसे. दारात चष्मेवाला होता, आणि त्याचे डोळे ओले होते. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं, काहीतरी कुजबुजली. त्यानं मान डोलावली, चष्मा काढून पुसला आणि आल्या पावली परत गेला. एरवी हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा.



सून स्वयंपाकघरात गेली. सुरीची खटखट ऐकू आली. ती परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय म्हणत होता तो?"

"काही नाही. सहज आला होता."

"खरं सांग."

"अजून काहीच कळलं नाही, बाबा." तिनं तोंड फिरवलं. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

म्हणजे संपलं होतं. आणि ही बिचारी लपवत होती! घड्याळजींना गाडीचं दुःख झालं, पण त्याहून जास्त या पोरीची दया आली. त्यांनी वाद घातला नाही.

"डॉक्टरांना नाही म्हणून कळव," ते म्हणाले. "आणि रडू नकोस. पोटच्या लेकीनं केलं नसतं, एवढं तू केलंस."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सुनेनं दार हळूच ओढून घेतलं आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. चष्मेवाला काउंटर सोडून पुढे धावला.

"सांगितलंत? मीच सांगणार होतो हो, पण 'माझ्या तोंडून कळू दे' असं तुम्हीच म्हणालात. मग? गाडी जागी झाली म्हटल्यावर उठूनच बसले असतील! ऑपरेशनला हो म्हणाले ना?"

कांद्याचा वास येणाऱ्या बोटांनी तिनं डोळे पुसले.

"सांगितलं हो. तरी नकोच म्हणतात."