एका ओळीचा निबंध

रविवार म्हणजे सरांच्या लेखी कॉलेजचं काम घरच्या टेबलाशी बसून करायचा वार. समाजशास्त्राच्या मुलांना 'बदलतं कुटुंब' या विषयावर निबंध लिहायला सांगून त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. शहाण्णव निबंध तपासायचे होते आणि मार्क उद्याच द्यायचे होते. "बाबा, ऐका ना," असं लेक सकाळपासून तीनदा येऊन म्हणाली. तिन्ही वेळा मान वर न करता ते म्हणाले, "हो गं, एवढा गठ्ठा हातावेगळा होऊ दे."

चौथ्यांदा ती आली, टेबलापाशी जराशी थांबली आणि गठ्ठा सारखा करून गेली.

संध्याकाळी, पाठीचा कणा मोडायची वेळ आली तेव्हा, गठ्ठ्यात एक निबंध जेमतेम एका ओळीचा निघाला. वर नाव नाही, रोल नंबर नाही. 'बाबा घरात असतात, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं.' सरांनी सुस्कारा सोडला आणि हाताच्या सवयीने लाल शेरा मारला: 'विधान सरसकट आहे. पुरावा काय? तळटीप द्या. दहापैकी दोन.' मग पुढचा कागद घेतला.

सकाळी चहाच्या कपाखाली तोच कागद दाबून ठेवलेला होता. लेक शाळेत गेली होती. कागदाच्या तळाशी तिच्या गोल अक्षरात तळटीप होती:



'१. पाहा: वरचा शेरा.'