पहिला घाव

शंतनूच्या कपाळाला यंत्र लावलं, पण दिवा काही लागला नाही. सोसायटीच्या मैदानात जमलेल्या माणसांत एकच ओरडा उठला, "पोकळ! पोकळ आहे हा!"

"हेमा, अगं मी आहे!" शंतनू रडत बायकोला, हेमलताबाईंना म्हणाला. "मी आत आहे गं!"

"पोकळही रडतात तसे," यंत्र धरलेला निनाद समजुतीच्या सुरात म्हणाला. कॉलेजात हेमलताबाईंकडेच तो तत्त्वज्ञान शिकला होता. "आत कुणी नसतं, मॅडम. दुसऱ्याला खरंच दुखतं का, हे सिद्ध करता येत नाही, असं तुम्हीच शिकवायचात ना? आता या यंत्रानं येतं."

पोकळ माणसाला मारणं हा आता खून नव्हता, मडकं फोडण्यासारखंच होतं ते. रीत एवढीच, की पहिला घाव घरच्यानं घालायचा, म्हणजे मागाहून कुणी कुणाला बोल लावत नाही. मागे दिघेकाकूंनी पोटच्या मुलावर घातला, तेव्हा हेमलताबाई गॅलरीत उभ्या होत्या. तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं त्यांनी.

कुणीतरी त्यांच्या हातात पहार दिली.

पहिल्या घावात त्यांनी निनादच्या हातातल्या यंत्राचा चुरा केला. दुसरा त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला आणि निनाद मातीत गडाबडा लोळू लागला.

"मॅडम, दुखतंय! आई शपथ, खरंच दुखतंय हो!"

हेमलताबाईंनी पहार पुन्हा उचलली.

"सिद्ध कर," त्या म्हणाल्या.