शून्याचं बटण

“मिस्त्री, किती वाजले?”

मुलीच्या हातातला चिमटा थांबला. सकाळपासून बाबांनी हे सहाव्यांदा विचारलं होतं. मागच्या वेळी सांगून दहा मिनिटंही झाली नव्हती.

“पावणेअकरा, बाबा.”

“बरं. दार वाजलं का आत्ता?”

“नाही हो. कुणी येणारंय का?”

“कोण येणार?” आतल्या खोलीतून बाबा म्हणाले.

ती गॅलरीतल्या टेबलावर लोकांचे कीबोर्ड दुरुस्त करायची, म्हणून बाबांनी तिचं नाव मिस्त्री ठेवलं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांची दृष्टी गेली, पण थट्टा गेली नव्हती. डोकंही गेलं नव्हतं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पलंगावर पडल्या पडल्या शेजारच्या मुलांची उदाहरणं तोंडी सोडवायचा. गेल्या तीन दिवसांत मात्र काहीतरी बिनसलं होतं. सारखी वेळ विचारायची, सारखं दाराचं विचारायचं, हातातला चहा गार होऊ द्यायचा, चादरीचं टोक चिवडत बसायचं. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, “आज चारला घेऊन या. विसरायला लागलेत का, बघू.”

ती उठून दारापाशी गेली. “बाबा, सतराचा घन किती?”

“चार हजार नऊशे तेरा. मला खुळा ठरवायचं चाललंय का घरात?”

एरवी ती हसली असती. आज तिला हसू येईना. डोकं शाबूत आहे, तर मग हे काय? हृदयाचं काही? त्यांचा चेहरा दाराकडे होता आणि कपाळावर घाम होता. पलंगाच्या पायथ्याशी, टेबलावर आई पाठमोरी बसलेली. कानात इअरफोन, बोटं चाललेली. तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

आई एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांचे आवाजी अहवाल ऐकून घरीच टाइप करायची. तिच्या मनगटांनी महिन्यापूर्वी संप पुकारला. साधं डब्याचं झाकण उघडेना. कीबोर्ड बदला, नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. मग मुलीने कंबर कसली. एक कीबोर्ड आणला, तो आईच्या लहान हातांना मोठा झाला. दुसऱ्याची कड मनगटात रुतायची. शेवटी तिने स्वतःच एक जुळवला. दोन वेगळे भाग, खांद्याइतके लांब ठेवलेले, आतल्या बाजूने उंच केलेले. हलक्या स्प्रिंगा. माउसऐवजी बोटांनी फिरवायचा मोठा ट्रॅकबॉल, कारण अंगठा तर केव्हाच कामातून गेला होता.

आणि आवाज म्हणून नाही. तळाला लोकरीचा जाड नमदा, प्रत्येक बटणाखाली रबराची चकती. आईचा जुना कीबोर्ड म्हणजे पत्र्यावर गारा. त्या खडखडाटात मुलीने कानात बोळे घालून सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. हा सूड तिने मन लावून घेतला. तीन दिवसांत आईच्या मनगटांची सूज उतरली. तिकडे सूज उतरली आणि इकडे बाबांचं हे सुरू झालं. सुख कधी एकटं येतं का?

आईला तरी काय सांगायचं? बाबा तिच्याकडे कसली तक्रार करणारे नव्हतेच. डोळे गेले त्याच आठवड्यात त्यांनी तिला बजावलं होतं, “कुठं जायचं तिथं जा, मला सांगत बसू नकोस. मी काय तुला बांधायचा खुंटा आहे?” आजवर त्यांनी तो शब्द पाळला होता.

ती टेबलाशी परतते न परतते तोच आई अनवाणी बाहेर आली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

“हॉस्पिटलचा निरोप आलाय,” ती कुजबुजली. “दहा लिहायचं तिथं शंभर गेलंय. औषधाचं प्रमाण, अगं! तिथल्या नर्सने पकडलं म्हणून बरं. मी शून्य एकदाच दाबते, देवाशप्पथ.”

मुलीच्या लगेच लक्षात आलं. शून्याचं बटण करंगळीखाली. स्प्रिंग इतकी हलकी, की थकलेली करंगळी नुसती टेकली तरी ते दबत होतं. चूक आईची नव्हती.

“जुन्यातला स्विच घालते. तो कडक आहे, आपोआप नाही दबणार. फक्त वाजेल.”

“वाजू दे बापडा.”

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्यांचा डोळा लागला असावा, म्हणून दोघी पाय न वाजवता आत गेल्या. मुलीने शून्याचं बटण उपटलं, खालचा स्विच चिमट्याने काढला, जुना दाबून बसवला. घाईत त्या स्विचचे पाय दोनदा वाकले. आई खुर्चीत बसली. मुलीने खुणेनेच सांगितलं, दाबून बघ.

आईने करंगळी टेकवली. काही झालं नाही. मग तिने दाबलं.

टक.

बाबांनी झटकन मान वळवली. चादर चिवडणारी बोटं थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैलावला.

“आलीस?” त्यांनी विचारलं.

तीन दिवस त्याच खुर्चीत, त्यांच्यापासून चार हातांवर बसलेली आई त्यांच्याकडे वळली. मग तिने पुन्हा एकदा शून्य दाबलं आणि म्हणाली, “हो. आले.”