मागची खुर्ची

"डावीकडे. अजून हातभर," मागच्या खुर्चीतून ओपल ओठ न हलवता म्हणाली.

बोटीच्या टोकावर उभ्या असलेल्या हॉलिसनं मनगट झटकलं. दोरीच्या टोकाला गळात अडकवलेला रबरी सरडा बुडालेल्या खोडाशेजारी अलगद पाण्यात उतरला. काठावर डॉगवूडचं झाड पांढरंशुभ्र फुललं होतं. ते फुललं की तलावातले बास मासे उथळ पाण्यात येतात, तळ झाडून घरटी करतात आणि अंड्यांवर राखण करत बसतात. तेव्हा त्यांना भुकेची पर्वा नसते, पण घरात शिरलेला सरडा खपत नाही; तोंडात धरून बाहेर टाकायला जातात. फक्त तो नेमका घरट्यात पडायला हवा, आणि त्यासाठी घरटं आधी दिसायला हवं. हॉलिसला आता समोरच्या माणसाचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. जे गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी गेल्या थंडीत सांगून टाकलं होतं.

ही बातमी गावभर झाली होती. आज सकाळी धक्क्यावर मासेमारी क्लबचा अध्यक्ष रॉयस टकेट वाट अडवूनच उभा होता.

"मिस्टर हॉलिस, यंदा किनाऱ्यावर बसा. सावलीत खुर्ची मांडलीय. बक्षिसं तुमच्या हातून देऊ."

हॉलिसची मान खाली गेली. या तलावावर त्याला 'तलावाचा डोळा' म्हणत. वसंतातल्या स्पर्धेच्या फळ्यावर वर्षामागून वर्षं त्याचंच नाव रंगवलेलं होतं. फळ्यावर नाव लागायचं ते बोटीत पुढं उभं राहून गळ टाकणाऱ्याचं. मागच्या खुर्चीत बसून जाळी धरणाऱ्याचं आणि सँडविच काढून देणाऱ्याचं नाव लावायची पद्धत नव्हती. पोरं शिकायला आली की हॉलिस म्हणायचा, "मासा शोधायचा नसतो, बाळांनो. बघायचा असतो."

"खुर्चीवर तूच बस, रॉयस," ओपल म्हणाली. "गेल्या वर्षी तुला मासा म्हणून मिळाला नाही, दमला असशील."

लोक खो खो हसले. रॉयस हसला नाही. ओपलनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला बोटीत चढवलं आणि मोटर सुरू केली.

आता ती पाण्याकडे टक लावून बसली होती. दूर मोठ्या पाण्यावर वारा सुटला होता, पण या आडोशाला पाणी स्थिर होतं.

"मासळी फिरली. परत आली," ती पुटपुटली. "नाक लावलंय. थांब. थांब म्हणते ना. आता."

हॉलिसनं गळाची काठी मागं ओढली. काठी वाकली, दोरी खोडाकडे पळाली, पण हॉलिसच्या हातांना काही सांगावं लागत नाही. त्यानं मासळीला खोडापासून वळवलं, दमवलं, बोटीला आणून लावलं. ओपलनं जाळी खाली घातली. मासळी जाळीत मावेना.

दुपारी मासळी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा धक्क्यावरची बडबड थांबली. एवढी मोठी मासळी या वसंतात कुणी आणली नव्हती. मग रॉयसनं माईक उचलला.

"मला वाईट वाटतंय, पण विचारावंच लागेल. आंधळ्या माणसाला पाण्याखालचं घरटं दिसलं कसं?" त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "मासा आधीच पिंजऱ्यात घालून बुडवून ठेवला, तर शोधायला डोळे लागत नाहीत. चौकशी होईल. लबाडी निघाली तर फळ्यावरचं नाव खरवडून काढू. सगळ्या वर्षांचं."

 हॉलिसनं टोपी काढली. दरवर्षी याच जागी तो टोपी काढून उभा राहायचा, देवाचे आभार मानायचा, तलावाचे मानायचा आणि खाली उतरायचा. दरवर्षी ओपल खालून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. आजही ती बघत होती.

"लबाडी नाही, रॉयस," तो अडखळत म्हणाला. "यंदा... यंदा ओपलनं जरा हातभार लावला."

गर्दीतून हळहळीचा सूर निघाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. रॉयससुद्धा विरघळला.

"असं होय? मग आधी सांगायचं ना. जोडीदाराची मदत नियमात बसते," तो म्हणाला. "ओपलबाई, नवऱ्याचे डोळे झालात तुम्ही. यंदा फळ्यावर कंसात तुमचंही नाव टाकू."

मिटलं होतं. मासळी ग्राह्य धरली गेली, हॉलिसचं नाव फळ्यावर राहिलं. तळलेल्या माशांच्या वासानं लोक मांडवाकडे वळायला लागले. हॉलिसनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोचा हात चाचपडला. तो हात जागेवर नव्हता.

ओपलनं मासळीची पाण्यानं भरलेली पिशवी उचलली, धक्क्याच्या कडेला गेली आणि मासळी पाण्यात सोडली. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग परत येऊन तिनं रॉयसच्या हातून माईक काढून घेतला. एवढ्या वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता.

"रॉयस, रंगाचा डबा आण," ती म्हणाली. "माझं नाव पहिल्या वर्षापासून लिहायचंय, आणि कंसात नाही. गळ टाकायला हात यालाच दिलाय देवानं, तसा तुमच्यात कुणाचा नाही. पण याचे डोळे धड होते ना, तेव्हाही मासा मलाच दिसायचा."