राखाडी तुकडा

"ताई, भिंत म्हणजे काय टीव्ही आहे? रोज येऊन बसता," औषधाच्या खिडकीतून बागवानभाऊ म्हणाले.

हेमलताने मान वळवली नाही. दवाखान्याच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या आजारांचं रंगीत वर्तुळ उजळलं होतं. ज्या आजाराला स्वतःचा रंग होता, त्याचंच औषध यंत्र बनवत होतं. मोजक्या लोकांना होणारे सगळे आजार एका राखाडी तुकड्यात कोंबले होते, आणि राखाडीसाठी यंत्र चालत नव्हतं. तिची मुलगी ईरा त्या राखाडीत होती. ईराची मान रोज थोडी अधिक डावीकडे कलत होती.

"रंग मिळायला अजून एकच रुग्ण लागतो ना, भाऊ?"

"एकच. पण तो कुणाच्या तरी घरातूनच यायचा, ताई."

हे तिला कळत होतं. तरीही दारातून येणाऱ्या प्रत्येक मुलाची ती आधी मान बघायची. सरळ दिसली की चिडायची. मग स्वतःवर चिडायची. मग पुन्हा दाराकडे बघायची.

दुपारी राखाडीतून एक जांभळी रेघ सुटी झाली आणि ईराच्या आजाराचं नाव घेऊन तिथेच थांबली. हेमलता ओरडलीच. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेल्या अनोळखी बाईला तिने मिठी मारली.

"आला! आमचा रंग आला!"

बाई गोंधळून हसली. तिचा पदर सरकला. खांद्यावर झोपलेल्या मुलाची मान डावीकडे कलली होती.

"आमचंही नशीबच म्हणायचं," ती म्हणाली. "याचं औषध नेमकं आजपासूनच मिळायला लागलंय."