बाप्तिस्म्याचा झगा

“बाहुलीसारखी धरू नका, मानेखाली हात घ्या,” रणभिसे सर ओरडले. सेमिनरीत आज बाळाच्या बाप्तिस्म्याचा सराव होता. एका डोळ्याची ती बाहुली हातोहात फिरत होती आणि चर्चचे होणारे पाळक पोरांसारखे खिदळत होते.

शमुवेलचा नंबर आला. त्याने पिशवीतून पांढरा झगा काढून बाहुलीला घातला. सकाळी त्याच्या बायकोने, सलोमीने, तो आपण होऊन दिला होता. “उघडंच न्यायचं का लेकरू देवापुढं?” एवढंच म्हणाली होती. झगा तिनेच शिवलेला. उन्हाळ्यात त्यांची मुलगी बाप्तिस्म्याआधीच, तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या अंगावर तो चढलाच नाही.

“नाव कोणतंही घ्या,” सर म्हणाले.

“मिर्याम,” शमुवेल म्हणाला, आणि वर्गातलं हसू थांबलं.

डिसेंबरचं पाणी बोटांना झोंबत होतं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिन्ही वेळा त्याने ते बाहुलीच्या कपाळावर हलकेच सोडलं. एक शब्दही चुकला नाही.

दुपारी आवारातल्या खोलीवर झगा परत घेताना सलोमीच्या हाताला ओला गळा लागला. तिने मान वर केली नाही.

“पाणी गार नव्हतं ना?”

“कोमट होतं,” तो म्हणाला.