स्टिअरिंगचं फडकं

बाबा गेल्यापासून त्यांची जुनी गाडी वर्षभर उभीच होती. उद्या ताई एकटीच ती घेऊन नव्या नोकरीच्या गावी निघणार, म्हणून धाकट्याने बसून रेडिएटरचं सगळं गंजकं पाणी सोडून दिलं. मग बाबांच्या शिस्तीप्रमाणे स्टिअरिंगला फडकं बांधलं. म्हणजे आत पाणी नाही, गाडी चालू करायची नाही. पाणी भरून झालं की बाबा ते सोडून, नीट घडी करून बॉनेटवर ठेवायचे.

"मेकॅनिकसाहेब, चहा गार होतोय!" ताईने घरातून हाक मारली.

चहा पिऊन तो परत आला, तर फडकं नीट घडी करून बॉनेटवर ठेवलेलं.

"ताई, फडकं तू सोडलंस?"

"मी कशाला हात तेलकट करू?"

गाडी कुणी चालू करावी, तर त्याने सकाळी काढून ठेवलेली बॅटरी अजून पायरीवरच होती. त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात लावला आणि चटका बसला. आत पाणी खदखदत होतं.

ताई बॅग घेऊन मागे उभी. "झाली ना रे? नेऊ ना उद्या?"